मधला दांडा

अस्सनकोयाची सत्तरी उलटली, पुढचे दोन दात गेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तरी मूसाकंडीत, बायकोच्या घरात, तो ‘पुय्याप्ला’च राहिला. पुय्याप्ला म्हणजे नवा नवरदेव. आमच्या कोझिकोडच्या तेक्केपुरममध्ये लग्न झालं की पोरगी घर सोडत नाही, पोरगा सोडतो. बायकोच्या घरात त्याला एक खोली मिळते, ताटात माशाचा पहिला तुकडा मिळतो, आणि मरेपर्यंत मान मिळतो. फक्त ते घर त्याचं कधी होत नाही. ते बायकांचं. पुरुषानं सकाळी बाहेर पडावं, पेठेत जावं, तळ्याच्या कट्ट्यावर बसावं आणि रात्री जेवायच्या वेळी उगवावं, यातच त्याची शोभा. बाहेरचा माणूस कोझिकोडात येतो, आमचं तळं बघतो आणि म्हणतो, वा, काय माणसं जमतात हो इथं! अरे बाबा, जमतील नाहीतर जातील कुठं?

अस्सनकोयाची बायको कदीसाबी दोन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. चाळिसाव्याचे विधी झाले, आणि पाठोपाठ कदीसाबीच्या थोरल्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं. नव्या नवरदेवाला खोली हवी. अस्सनकोयाला कुणी ‘जा’ म्हटलं नाही. ‘राहा’ असंही कुणी म्हटलं नाही. एका सकाळी रंगारी आला आणि भिंतीला पिस्ता द्यायचा की गुलाबी, असं त्यालाच विचारू लागला. अस्सनकोयानं पिस्ता सांगितला आणि दुपारी ट्रंक भरली.

यात कुणाचं चुकलं म्हणावं? तो स्वतः त्या खोलीत नवरदेव म्हणून शिरला, तेव्हाही तिथून एक विधुर म्हातारा असाच ट्रंक घेऊन बाहेर पडला होता. तो कोण, कुठं गेला, अस्सनकोयानं कधी विचारलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत असलं कोण विचारतं?

तो आपल्या आईच्या घरी परत आला. तिथं आता आई नव्हती, बहीणही नव्हती. बहिणीची मुलगी सुहरा घर चालवत होती. पोरगी वाईट नाही. तिनं पुढच्या दालनात पडदा लावून मामासाठी खाट टाकली, धुतलेली चादर घातली, वेळच्या वेळी जेवायला वाढलं. पण दुपारी त्याच दालनात ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी अस्सनकोया पडद्याआड निजला, आणि उठला तेव्हा सगळा वर्ग फिदीफिदी हसत होता.

“मामा,” सुहरा पण हसत म्हणाली, “तुमच्या घोरण्यावर पोरांनी आज बेरीज केली हो!”

तिच्या मनात काही नव्हतं. पण अस्सनकोया त्या दिवसापासून दुपारचा घरात थांबला नाही. जेवला की टोपी घालायची आणि म्हणायचं, “जरा मोइदीनच्या वखारीत जाऊन येतो.” मोइदीनकोया त्याचा शाळेपासूनचा मित्र, कल्लायीला त्याची लाकडाची वखार. वखारीत कोण जातंय? हा जायचा तळ्यावर.

तळ्याच्या उत्तरेला, बदामाच्या झाडाखाली, जांभ्या दगडाचा एक जुना कट्टा होता. रुंद, गुळगुळीत आणि माणूस आडवा होईल एवढा लांब. दुपारची नमाज झाली की सगळं तेक्केपुरम जेवून घरात सुस्तावतं, तळ्यावर चिटपाखरू नसतं. अस्सनकोया चपला उशाशी घ्यायचा, तोंडावर पांढरा रुमाल टाकायचा आणि आडवा व्हायचा. दगड खालून गार, वरून तळ्याचा वारा. मशिदीतही पडता आलं असतं, पण तिथं बांग देणारा माणूस मायेनं विचारायचा, “का हो कोयाक्का, घरी कुणी नाही का?” दगड असलं काही विचारत नाही.

त्या तासा-दीड तासाच्या झोपेवर त्याचा दिवस उभा होता. रात्री झोप लागायची नाही. इतकी वर्षं शेजारी कदीसाबीचा श्वास ऐकत निजलेल्या माणसाला कशी लागणार? दुपारी मात्र लागायची. आणि हे कुणालाच ठाऊक नाही, याचा त्याला मोठा आधार होता.

मग शहरानं तळं करायला घेतलं. करायला घेतलं म्हणजे सगळ्यांना येता येईल, बसता येईल असं करायचं ठरवलं. त्यासाठी त्रिशूरकडची एक आर्किटेक्ट मुलगी आली, ग्रीष्मा नावाची. पोरगी कामाची. नकाशा काढून मोकळी झाली नाही. घराघरांत शिरून बायकांशी बोलली, त्यांच्या हातची केळ्याची गोड उन्नक्काया खाऊन दोन किलो वजन वाढलं म्हणाली. शेवटी तळ्याकाठी मांडव घालून तिनं सगळ्यांना बोलावलं. पोरांनी फुटबॉलला जागा मागितली. रेशन दुकानातल्या कबीरनं आपल्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार मागितला. बायका म्हणाल्या, आम्हाला संध्याकाळी बसायला जागा हवी, आणि दिवे हवेत.

मग ग्रीष्मा अस्सनकोयाकडे वळली. “कोयाक्का, सगळे सांगतात की या तळ्यावर सगळ्यात जास्त वेळ तुम्ही असता. तुम्हाला काय हवं?”

“त्याला बिर्याणी हवी,” मोइदीनकोया मागून म्हणाला. मांडव हसला.

अस्सनकोया उठून उभा राहिला. त्याला एकच गोष्ट सांगायची होती. तो बदामाखालचा कट्टा तेवढा सोडा, त्याला हात लावू नका. शब्द ओठांवर आले होते. पण दुसऱ्या रांगेत सुहराचा नवरा बसला होता. कडेला मूसाकंडीचा नवा जावई उभा होता. कट्टा कशाला हवा, असं कुणी विचारलं तर? मी तिथं झोपतो, असं म्हणायचं? उद्या गल्लीगल्लीत तेच होणार. सुहरा मामाला अंथरूण देत नाही. मूसाकंडीवाल्यांनी पुय्याप्लाला रस्त्यावर काढला. आणि रस्त्यावर निजणारा म्हातारा म्हणून आपल्याकडे बोट.

“गुडघे दुखतात,” तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं. “बसलं की उठवत नाही. उठताना धरायला काहीतरी असलं, म्हणजे...”

“अगदी बरोबर!” ग्रीष्माचा चेहरा उजळला. “हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरं सांगायचं तर काम झकास झालं. वाकडेतिकडे काठ सरळ झाले, उतार झाले, दिवे लागले. कबीरनं आयुष्यात पहिल्यांदा तळ्याला पुरती फेरी मारली आणि मग दिवसभर मारतच राहिला. संध्याकाळी पोरीबाळी येऊन बसू लागल्या, जिथं आमच्या आज्या कधी पाऊल टाकत नसत. बदामाचं झाड राखलं. त्याखालचा जांभ्याचा कट्टा गेला आणि त्या जागी सागवानी पट्ट्यांचं सुरेख बाक आलं. बाकाच्या दोन टोकांना लोखंडी दांडे, आणि एक दांडा बरोबर मधोमध.

उद्घाटनाच्या दिवशी ग्रीष्मानं अस्सनकोयाला हाताला धरून त्या बाकावर बसवलं. “हा दांडा तुमचा बरं का, कोयाक्का. तुम्ही सांगितलात म्हणून सगळ्या बाकांना बसवलाय.” तिनं त्याला दांडा धरून उठायला लावलं, पुन्हा बसायला लावलं, पुन्हा उठायला लावलं. लोकांनी फोटो काढले. मोइदीनकोयानं सगळ्यांना सुलेमानी चहा पाजला. अस्सनकोया हसत राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आडवं व्हायचा प्रयत्न करून पाहिला. दांड्याच्या एका बाजूला कोळंबीसारखं मुटकुळं केलं, तर पाय बाहेर. दांड्याखालून पाय घातले, तर गुडघे अडकले, आणि ते सोडवताना त्याची अशी काही तारांबळ उडाली की कोणी बघत नाही ना म्हणून आधी चारी बाजूंना पाहावं लागलं. तिसऱ्या दिवशी बसल्या बसल्या डुलकी लागली आणि मान अवघडली. पुढे त्यानं नाद सोडला. जेवायचं, टोपी घालायची, ‘वखारीत जातो’ म्हणायचं, आणि येऊन बसायचं. समोर पाणी, पाण्यात ऊन. डोळे चुरचुरायचे. आपलं म्हणावं असं जगात जे उरलं होतं, ते आपणच मागून घालवलं, हे त्याला रोज त्या बाकावर बसून नव्यानं कळायचं.

असाच एका दुपारी तो बसला होता. समोरच्या गल्लीत मूसाकंडीचं मोठं दार करकरलं आणि पात्तुम्मा बाहेर आली. पात्तुम्मा म्हणजे कदीसाबीची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. जिच्या नातीला खोली दिली, ती. डोईवर पांढरं फडकं, हातात काठी, पाऊल मोजून मोजून टाकत ती गल्ली ओलांडून आली आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या अर्ध्यात बसली. मधे दांडा होता म्हणून बसली. नाहीतर बहिणीच्या नवऱ्याशेजारी एका बाकावर बसायची आमच्याकडे रीत नाही.

“जेवलात, पुय्याप्ला?”

“जेवलो, इत्ता.” थोरल्या बहिणीला म्हणायचं तेच तो तिला म्हणत आला होता.

“मासा कुठला होता?”

“बांगडा.”

“सुहरा मिरची फार घालते म्हणे.”

“घालते.”

“कदीसा घालत नव्हती.”

“नाही.”

“बरं केलंय हे,” पात्तुम्मा बाकावर हात फिरवत म्हणाली. “जन्म गेला समोरच्या घरात, पण हे पाणी आज जवळून बघतेय. नात म्हणाली, उम्मुम्मा, उठायला दांडा आहे, जा. म्हणून आले.” मग मान न वळवता म्हणाली, “तुम्ही इथं आडवे व्हायचात ना, दुपारचे?”

“मी? छे! दुपारचा मी मोइदीनच्या वखारीत असतो.”

“मोइदीनची वखार बंद होऊन वर्ष झालं, पुय्याप्ला.”

अस्सनकोयानं बाकावर पडलेलं बदामाचं पान उचलून खाली टाकलं.

“वरच्या खिडकीतून सगळं दिसतं. घरात बसवून ठेवल्यात बायका, मग खिडकीतून बघणारच. तोंडावर पांढरा रुमाल टाकायचात. एकदा एक कुत्रं येऊन तुमच्या पायाशी झोपलं. मी वरून हाड हाड करतेय, पण तुम्हालाही पत्ता नाही आणि त्यालाही.” ती थोडी हसली, मग हसू विरलं. “रोज वाटायचं, हाक मारावी.”

“मग?”

“मग वाटायचं, बोलावून निजवू कुठं? खोलीत ते नवं जोडपं. ओसरीवर चटई टाकली, तर लोक म्हणणार, पुय्याप्लाला ओसरीवर टाकला. तुमचा मान राहिला नसता.”

“माझा की घराचा?”

उभ्या आयुष्यात त्यानं या बाईला उलट प्रश्न केला नव्हता. पात्तुम्मानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “दोघांचा,” ती म्हणाली.

कुणाला ठाऊक नाही, या एका गोष्टीवर अस्सनकोयानं दोन वर्षं काढली होती. ज्याला कुणी पाहिलंच नाही, त्याला कुणी बोलावलं नाही तर राग कसला? आणि आता कळत होतं की रोज कुणीतरी बघत होतं. तिला वाईटही वाटत होतं. आणि ते वाईट वाटणं जिना उतरून कधी खाली आलं नव्हतं. पण तिला तरी काय म्हणावं? इत्ता, एक चटई टाका, असं तो एकदा म्हणाला असता तर तिनं चटई नाही, गादी टाकली असती. तो म्हणाला नाही. दोघं मान सांभाळत राहिले, एक वर खिडकीत, एक खाली दगडावर.

“त्या पोरीला सांगा,” पात्तुम्मा म्हणाली, “आणि हा मधला दांडा काढून घ्या. तुमचं ऐकतात म्हणे.”

“आणि तुम्ही उठणार कशा?”

पात्तुम्मानं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि जोर केला. अर्धी उठली आणि परत बसली. अस्सनकोया आपसूक उभा राहिला, पण हात कसा देणार? मेहुणीचा हात त्यानं कधी धरला नव्हता. तो नुसता उभा राहिला. तिनं पुन्हा दांडा आवळला, ओठ दाबले, आणि यावेळी उभी राहिली. दम खात म्हणाली, “आता रोज येईन. घरात जीव रमत नाही, पुय्याप्ला. कदीसा गेल्यापासून बोलायला कुणी नाही.”

“या,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

काठी टेकत ती गल्ली ओलांडून गेली. मोठं दार करकरलं आणि बंद झालं. अस्सनकोया बाकावर आपल्या अर्ध्यात परत बसला. वर बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं, तरी बघितलं. खिडकी उघडी होती. त्यानं टोपी नीट केली आणि पाठ ताठ केली. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, बांगेला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि तेवढा सगळा वेळ त्याला बसूनच काढायचा होता.