मोरीतल्या मुंग्या

कुंडलिक धावायला लागला तो बायकोच्या बोलण्यावरून. पुढे जे झालं त्यात धावण्याचा काही दोष नव्हता, पण हे मालनला कोण पटवून देणार?

एशियाड झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट. विक्रोळीच्या चाळीत शेजारच्या दशरथकडे टीव्ही आला होता आणि अख्खा मजला तिथे बसून धावणारी माणसं बघत होता. कुंडलिकला पोटामुळे मांडी घालून बसवेना, म्हणून त्याला तेवढं स्टूल दिलेलं. घरी आल्यावर मालन म्हणाली, "अहो, तुमची धाप जिन्यातून ऐकू येते. माझे बाबा असेच जिन्यात टेकले ते उठलेच नाहीत. जरा धावा की तुम्हीपण. मला भीती वाटते."

तिची भीती खरी होती, फक्त ती चुकीच्या दाराशी पहारा देत होती.

कुंडलिकनं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. कारखान्याच्या भिंतीमागच्या मैदानावर पहिल्या सकाळी तो जेमतेम विजेच्या खांबापर्यंत पोचला आणि मटकन खाली बसला. वॉचमननं विचारलं, "चोर किधर गया?" चाळीत हसून हसून पुरेवाट झाली. पण गडी हट्टाला पेटला. थंडी संपेस्तोवर तो मैदानाला फेऱ्या मारू लागला, आणि वजन असं उतरलं की हसणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

"झकास रे कुंडल्या! हिरो झालास यार," दशरथ म्हणायचा. मालन खिळ्यानं पट्ट्याला नवं भोक पाडायची आणि मनात हरखून जायची.

तहान मात्र फार वाढली. माठ दुपारीच रिकामा. पण धावणाऱ्याला तहान लागणारच की! मालन गावच्या कोकमाचं सरबत करायची, अंगात ताकद राहावी म्हणून साखर सढळ हातानं घालायची. तो रात्री सारखा मोरीवर उठायचा. एवढं पाणी प्यायल्यावर उठणारच की! त्या घरात प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, म्हणून कुणी प्रश्नच विचारला नाही.

मग मोरीत मुंग्या आल्या. काळ्याभोर, भिंतीच्या कडेनं, शहाण्यासारख्या रांगेत. मालननं पाण्याचा तांब्या उचलला, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतल्या म्हाताऱ्या जानकीकाकूंनी हात धरला.

"काळे आसत मगे! मारू नको हां गो. लक्ष्मी ती, आपल्या पायान इली."

तांबड्या असत्या तर मालननं केरोसीन ओतलं असतं. काळ्यांना तिनं हात जोडले आणि मोरीच्या कठड्यावर चिमूटभर साखर ठेवली. रोजच ठेवू लागली. मुंग्या त्या साखरेवरून पुढे जाऊन मोरीच्या भोकाशी गोळा व्हायच्या. तेही तिनं पाहिलं होतं.

होळीनंतर कुंडलिकची गालफडं बसली. तोंडाला पिकून उतरलेल्या केळ्यासारखा वास येऊ लागला. मालननं दारातच त्याची वाट अडवली.

"आता पुरे झालं धावणं. डॉक्टरकडे चला."

"तूच म्हणालीस ना धाव म्हणून? आत्ता कुठे जमायला लागलंय गं," तो हसून म्हणाला. हसताना त्याचे दातच तेवढे दिसले.

मग तिनं दृष्ट काढली. मीठ-मोहरी, मिरच्या ओवाळून स्टोव्हवर तव्यात टाकल्या. मिरच्यांचा ठसका काही आला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त, जानकीकाकू म्हणाल्या. मालनला बरंच वाटलं. डॉक्टरचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथनं मैदानावर कोसळलेल्या कुंडलिकला उचलून टॅक्सीत घातलं. इस्पितळात डॉक्टर त्याच्या तोंडाशी वाकले आणि ताठ होऊन मालनकडे वळले.

"बाई, मोरीत मुंग्या लागत होत्या का?"

मालनला वाटलं, देवानंच विचारलं. "हो. काळ्या. लक्ष्मी..."

"साखर आहे ती. लघवीतून चाललेली. मधुमेह आहे यांना, रक्तात विष झालंय. आठवडाभर आधी तरी आणायचं होतं. खायला-प्यायला काय देत होता?"

मालननं तोंडावर पदर धरला. कोकमाचं सरबत हे दोन शब्द तिच्या तोंडून बाहेर येईनात.

दशरथला त्याच्यापाशी बसवून, दोन दिवसांनी ती कपडे न्यायला घरी आली. कॅनव्हासचे बूट कुणीतरी दाराशी आणून ठेवले होते. ती सरळ मोरीत गेली. मोरी कोरडी ठणठणीत. कठड्यावरच्या साखरेचा कणही उरला नव्हता आणि मुंगी एकही नव्हती. तिनं गुडघे टेकून भोकाशी वाकून पाहिलं. मग डबा उघडून मूठभर साखर तिथे ओतली आणि रडत म्हणाली, "या गं बायांनो, परत या."

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी धावत येत होतं, धापा टाकत. पूर्वी कुंडलिक टाकायचा तशा. क्षणभर ती उठून उभी राहिली.

दारात दशरथ होता, डोळे पुसत. त्यानं काही सांगायच्या आत तिनं मोरीचा नळ पूर्ण सोडला आणि साखर वाहून जाऊ दिली.