मिलानला गेलेला माणूस

“ही त्या मुलाची काकू,” मैथिलीने आजीच्या कानाला तोंड लावून सांगितलं. “आल्झो, म्हणजे ती खूप चिडली आहे. कारण काकाने तिचा कोंबडी विकला.”

“तिची कोंबडी विकली,” आजी म्हणाली. “मग चिडेल नाही तर काय, ओवाळेल?”

पुढच्या रांगेतला एक म्हातारा याच वेळी पडद्यावरच्या काकाला मोठ्याने काहीतरी सुनावत होता. त्याची बायको त्याला दुजोरा देत होती. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या इटालियन मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा गप्प बसून बघायची पद्धत नव्हती, त्यामुळे मैथिलीच्या कुजबुजीचा कोणाला त्रास होण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारची दुपार होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते आणि मागच्या स्वयंपाकघरात वांग्याचा कसलासा पदार्थ भट्टीत शिजत होता. त्याच्या वासाने अर्धा हॉल अस्वस्थ झाला होता.

सिनेमा इटालियन, खाली अक्षरं जर्मन, आणि मनोरमाबाईंना, म्हणजे आजीला, दोन्हींचा गंध नाही. तरी त्या आल्या होत्या, कारण तळमजल्यावरच्या फ्रांकाने बोलावलं होतं. पुण्याहून येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. फ्रांका इटालियनमध्ये बोलायची, मनोरमाबाई मराठीत बोलायच्या, आणि आताशा दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नव्हतं. एका कुठल्याशा दिग्दर्शकाने म्हणे स्वतःच्या लहानपणावर हा सिनेमा काढला होता. समुद्रकाठचं गाव, घरभर माणसं, आणि पंधरा वर्षांचा तो.

मैथिलीही पंधराची. एरवी आईबाबांनी मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देऊन मोकळी व्हायची. आजीपुढे मात्र ही पळवाट नव्हती. आज निघताना तिच्या आईने, संध्याने, तिला दारात थांबवून बजावलं होतं, “काहीही झालं तरी आबांचा विषय नको. आजी आत्ता कुठे सावरतायत.”

हा घराचा नियमच होता. नोव्हेंबरात पुण्याला आबा, मैथिलीचे आजोबा, गेले. जूनमध्ये मैथिलीचा बाबा जयंत आपल्या आईला तीन महिन्यांसाठी इकडे घेऊन आला, आणि ती यायच्या आदल्या दिवशी हॉलमधला आबांचा फोटो कपाटात स्वेटरांखाली गेला. आबांना आवडायचे म्हणून दडपे पोहेही बंद झाले. मैथिली तर रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलचा लाल माणूस दिसला की उभी राहणारी मुलगी. नियम म्हणजे नियम. सात महिने तिने घरात आबांचं नाव काढलं नव्हतं.

पडद्यावर आता जेवणाची पंगत बसली होती. लांबलचक टेबल, चौदा माणसं, आणि बोलणारी सगळीच. मुलाचा बाप लहानखुरा, बारीक मिशीचा, किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने देणारा. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, ही गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती आणि त्याला वाटत होतं की कोणालाच ठाऊक नाही. तो उठून गाणं म्हणायला लागला तशी त्याच्या बायकोने डोक्याला हात लावला. आजी खुदुखुदु हसत होती.

“बरा आहे हा माणूस,” ती म्हणाली. “आवाज नाही, पण हौस आहे.”

मैथिलीला फार बरं वाटलं. आजी अशी हसताना तिने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. ती आणखी जोरात भाषांतर करू लागली. शब्द अडला की हातांनी करून दाखवू लागली. काका तोतया डॉक्टर झाला, शेजारीण छपरावर अडकली, कोंबडी परत आली. आजीचे डोळे पुसायची वेळ आली होती, हसून हसून.

आणि मग पडद्यावर दारावर थाप पडली. दोन माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. खालची जर्मन अक्षरं मैथिलीने वाचली आणि तिचं भाषांतर थांबलं.

“काय म्हणतायत?” आजीने विचारलं.

“ते म्हणतात...” मैथिलीने इकडेतिकडे पाहिलं. “त्याला नोकरी लागली. बाबाला. मिलानला.”

“अशी अचानक?”

“हो. उद्याच जायचं आहे.”

घरात बायका जमल्या. सगळ्या काळ्या कपड्यांत. चर्चची घंटा वाजायला लागली. सहा पुरुष खांद्यावर एक लांब पेटी घेऊन जिना उतरू लागले.

“ती पेटी कसली गं?”

“सामान.”

“एवढं?”

“मिलानला खूप थंडी असते, आजी.”

हॉलमध्ये एव्हाना नाकं शिंकरल्याचे आवाज यायला लागले होते. पुढचा म्हातारा बोलायचा थांबला होता. फ्रांका रुमालात तोंड खुपसून बसली होती.

“मग ही सगळी का रडतायत?”

“इटालियन आहेत ना,” मैथिली म्हणाली.

पडद्यावर वरच्या गॅलरीत तो मुलगा एकटाच कठड्याला धरून उभा होता. तू लहान आहेस, असं सांगून काकाने त्याला घरीच थांबवलं होतं. खाली पेटी वळणावरून दिसेनाशी झाली आणि त्याने तोंडावर हात दाबून धरला.

“आणि हा?” आजीने हळूच विचारलं. “हा का रडतोय?”

“त्याला नाही नेलं,” मैथिली म्हणाली. “सगळे गेले. त्याला म्हणाले, तुझी शाळा आहे, गणिताची मॅथेआर्बाइट आहे, तू इथेच राहा. म्हणून तो राहिला. तळमजल्यावर. नऊ दिवस.”

हे पडद्यावरच्या अक्षरांत कुठेच नव्हतं. आपण काय बोललो हे मैथिलीच्याही उशिरा लक्षात आलं, आणि तोवर तिचा आवाज पार फुटला होता. नोव्हेंबरात आईबाबा मिळेल त्या विमानाने पुण्याला गेले होते. गणिताची चाचणी होती म्हणून मैथिलीला फ्रांकाकडे ठेवलं होतं. चाचणीत तिला एक मिळाला होता, सगळ्यात वरचा ग्रेड, आणि बाबा फोनवर म्हणाले होते, आबा खूश झाले असते.

आजीने तिचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

दिवे लागले तशी माणसं डोळे पुसत पुसतच स्वयंपाकघराकडे धावली. फ्रांकाने दोघींना टेबलाशी बसवून पुढ्यात वाफाळती वांगी ठेवली. मैथिली खाली मान घालून काट्याने चीज ओढत होती.

“आजी, सॉरी,” ती म्हणाली. “तो मिलानला नाही गेला.”

“सोने, सहा माणसं खांद्यावरून सामान नेत नाहीत, एवढं कळतं मला.” आजीने एक घास खाल्ला, चव घेतली. “मलाही नव्हतं नेलं. आमच्यात बायकांना नेत नाहीत. मी पण गॅलरीतच होते.”

मैथिलीने मान वर केली.

“पण मला नवल नाही वाटलं. ह्यांचं नेहमीचंच होतं ते,” आजी म्हणाली. ‘ह्यांचं’ हा शब्द तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदा उच्चारला होता. “मिरजेला जायचं, गाडी सहाची, तर हे साडेचारला स्टेशनवर हजर. सगळ्यांच्या आधी! मी आपली मागून पिशव्या, डबे, फिरकीचा तांब्या घेऊन धापा टाकत. पोचते तर काय, हे खिडकीशी बसलेले आणि शेजारच्या बाकावर रुमाल टाकलेला. कोणी बसायला आलं की सांगायचे, बाई आहेत, येतायत.”

मैथिली हसली. हसता हसता रडली, आणि आजीने तिचं नाक स्वतःच्या पदराला पुसलं.

“आता बसले असतील तिकडे रुमाल टाकून,” आजी म्हणाली. “बसू देत. मला काही घाई नाही. मला हे वांगं शिकायचंय हिच्याकडून.”

यावर ती स्वतःच इतक्या मोठ्याने हसली की फ्रांकाही हसली, काही न कळता. मग एकातून दुसरी निघावी तशा गोष्टी निघत गेल्या. आबांनी भर लग्नात दुसऱ्याचीच चप्पल घालून येणं. आबांचं इस्त्रीवर पापड भाजणं. मैथिली मध्येच “परत सांग, परत सांग” म्हणत होती.

साडेपाचला जयंत न्यायला आला तेव्हा दोघी असल्या हसत होत्या की तो दारातच थबकला.

“चला लवकर, गाडी हाल्टेफेरबोटमध्ये लावलीय, थांबायला मनाई आहे तिथे, दंड येईल,” तो किल्ली हलवत म्हणाला. “कसा होता सिनेमा? काय गोष्ट होती?”

“आबांची,” मैथिली म्हणाली.

जयंतचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने आधी मुलीकडे डोळे वटारले, मग घाबरून आईकडे पाहिलं.

“बस,” आजी म्हणाली.

“आई, गाडी—”

“बस म्हणते ना. मी हिला मिरजेची गाडी सांगत होते. साडेचारला जाऊन बसायचे ते.”

फ्रांकाने विचारायच्या भानगडीत न पडता ताटली भरली आणि त्याच्यासमोर ठेवली. जयंत खुर्चीच्या कडेवर टेकला, उठायच्या तयारीने. किल्ली त्याच्या मुठीतच होती.

“साडेचार नाही, आई,” तो ताटलीकडे बघत म्हणाला. “चार. मला घेऊन जायचे ना बरोबर. तू येईपर्यंत रुमालावर मीच बसलेला असायचो.”

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. जयंतने अंगातलं जॅकेट काढलं आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलं.