पाय देऊन या

खाली बघा. आणखी खाली. भिंतीशी कसलं बोलताय? तुमच्या अंगठ्यापाशी जे आडवं लाकूड पडलंय ना, तो मी. उंबरठा. आवाज जरा घोगरा येईल. बर्फ वितळावा म्हणून दारात टाकतात ते मीठ इतकी वर्षं तोंडात गेलंय.

मी कॅनडातला. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामहून गाडीने अर्धा दिवस, एका तळ्याकाठी जपानी लोकांनी बांधलेला लाकडी बुद्धविहार आहे. त्याच्या दारात मी असतो. विहाराला लोक हेरिटेज म्हणतात. म्हणजे छप्पर गळतं, पण त्याचा फोटो चांगला येतो.

जन्माने मी फरचं झाड. महायुद्धात जपान शत्रू म्हणून सरकारने समुद्राकाठच्या जपानी लोकांना घरादारातून उचलून या दरीत आणलं आणि खोपटांत कोंबलं. तशाच एका खोपटाचा मी उंबरठा झालो. दोन कुटुंबं, एक शेगडी आणि मोजता येणार नाहीत इतकी पोरं. त्या पोरांनी माझ्यावर नाचून नाचून मधोमध एक खोलगा पाडला. युद्ध संपलं तरी त्यांना किनाऱ्याला परतायला बंदीच होती. मग त्यांनी खोपटं मोडली आणि त्याच लाकडांतून हा विहार उभा केला. सुताराने मला उचललं, खोलगा बघितला, रंधा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, पोरांनी केलंय, राहू दे.

शिक्षण माझं अर्धंच. तळघरात रविवारी शाळा भरायची. उन्हाळ्यात दार उघडं असायचं तेव्हा ऐकू यायचं, हिवाळ्यात बंद. त्यामुळे मला उन्हाळ्यातले धडे पाठ आहेत, हिवाळ्यातले विचारू नका.

जपानी म्हातारे सांगायचे, उंबरठ्यावर पाय देणं म्हणजे घरच्या बापाच्या डोक्यावर पाय देणं. म्हणून सगळे मला ओलांडून जायचे. ही माझी मजा. सुताराने मला बोटभर उंचच बसवलेला. कुणी नाक वर करून आला की मी त्याला अंगठ्यापाशी ठेच द्यायचो. बुद्धापुढे वाकायचं नाही असं ठरवून आलेला एक नगरसेवक, एक बँकेचा साहेब, सगळे मी आत वाकवून पाठवले. भन्तेंच्या प्रवचनाने वाकले नसतील इतके.

मराठी कुठे शिकलो विचाराल, तर दारातच. मराठी माणूस बूट काढायला वाकतो, मग त्याला काहीतरी आठवतं, आणि गप्पा संपल्यावर तो बूट काढतो. तेवढ्या वेळात कुणीही भाषा शिकेल.

ही मंडळी पहिल्यांदा आली दोन हजार सातच्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला. कोक्विटलामच्या आंबेडकर असोसिएशनची मिनीबस. पुढारी प्रेमानंद. मूळचा नागपूरचा, नोकरीने इंजिनियर. नळ सोडायच्या आधीही माहितीपत्रक वाचणारा माणूस. हातात इंटरनेटवरून काढलेले कागद.

"शूज इथे काढा. वॉशरूम मागे आहे, फ्लश जरा धरून ठेवायचा. आणि प्लीज, उंबरठ्यावर पाय देऊ नका. जपानी लोकांत तो अपमान असतो. ओलांडून या."

झालं. सगळे शेळ्यांसारखे मला टुणकन ओलांडायला लागले. मी पोट धरून हसतोय. शेवटी आली प्रेमानंदची आई, कांताबाई. पांढरी साडी, वर लेकाचं जाड जॅकेट, पायात लोकरीचे मोजे. मी तिच्यासाठी एक ठेच तयार ठेवली होती. पण ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिने सबंध पाऊल माझ्या खोलग्यात ठेवलं. असं नीट बसलं की ठेचेला जागाच उरली नाही.

"आई, ओलांड ना. आत्ता सांगितलं मी."

"काऊन?"

"त्यांची पद्धत आहे."

"असू दे. माही बी पद्धत हाय." पाऊल हलेना. "आमच्या गावच्या देवळात आम्हाले उंबरठ्याच्या आत येऊ देत नव्हते. माह्या मायनं बाहेरून पाह्यलं, तिच्या मायनं बाहेरून पाह्यलं. आता आत जाऊन राहिली, तर चोरावानी उडी मारून काऊन जाऊ? पाय देऊनच जातो."

प्रेमानंदचे कान लाल झाले. त्याची मुलगी कल्याणी, शाळकरी, कानातली वायर काढून म्हणाली, "बाबा, जस्ट लेट हर."

तेवढ्यात आतून हारुए आली. विहाराची राखण तीच करायची; किल्ल्या, झाडू, फुलं, सगळं. तिने ते पाऊल पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. म्हातारी काय म्हणाली ते कल्याणीने इंग्रजीत सांगितलं. हारुएने तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता रडते. हसत होती. मग तिने पायातली सपात काढली आणि आपलं पाऊल कांताबाईच्या पावलाशेजारी माझ्यावर ठेवलं. खोपटातल्या त्या पोरांमधली हारुए एक. "लहानपणी आम्हीपण," ती म्हणाली. "आईने मार दिला होता."

मग मंडळी आजूबाजूची पवित्र ठिकाणं बघायला गेली. मी कुठे जाणार? पण बूट परत येतात, आणि बुटांना खोटं बोलता येत नाही. लाल चिखल म्हणजे टेकडीवरची जपानी दफनभूमी. काळी वाळू म्हणजे तळ्याचा काठ, जिथे गेलेल्या माणसांसाठी दर ऑगस्टमध्ये कागदी दिवे सोडतात. हिरवं शेवाळ म्हणजे इथल्या मूळ लोकांचा तो पवित्र खडक, ज्यावर चढून फोटो काढू नये असं प्रेमानंदच्या कागदात छापलं होतं. शेवाळ बऱ्याच बुटांना होतं. खुद्द प्रेमानंदच्यासुद्धा.

कांताबाईच्या बुटांना फक्त लाल चिखल. ती टेकडीवरच बसून राहिली होती.

कारण तिचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता. लेकाकडे राहायला आला आणि कोक्विटलामच्या थंडीत संपला. अस्थींचा डबा कॉन्डोच्या बेसमेंटमधल्या लॉकरमध्ये, विंटर टायर्सच्या शेजारी. सुट्टी मिळाली की नागपूरला नेऊ, असं प्रेमानंद म्हणत होता.

"टायरं बर्फ पडला का बाहेर निघतात," कांताबाई त्याला माझ्यावर उभी राहून म्हणाली. "तुहा बाप तेवढा बी निघत नाही."

विहाराच्या मागच्या खोलीत जपानी लोक आपल्या माणसांच्या अस्थी फडताळात ठेवतात, ते तिने पाहून ठेवलं होतं. तिने कल्याणीला पुढे घातलं. "विचार त्या बाईले, आबासाठी एक जागा हाय का."

"आई, आपल्यात अस्थींचं अवडंबर नसतं," प्रेमानंद म्हणाला.

"मी कुठं पूजा करून राहिली? मले फक्त त्याहीले आत ठेवाचं हाय."

हारुएने सभासदांना विचारलं. सगळे इतके म्हातारे झाले होते की सभा दवाखान्याच्या वेटिंग रूममध्येच भरली. हो म्हणाले.

पानगळीत आबाला आणलं. निळ्या कापडात बांधलेला डबा छातीशी धरून कांताबाईने माझ्यावर पाय ठेवला आणि डब्याला हळूच म्हणाली, "या. पाय देऊन या."

माझ्यावरून पुष्कळ माणसं गेली, पण असं मानाने आत कुणी गेलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर ती दर मे महिन्यात यायची. हारुए आणि ती मागच्या खोलीत बसायच्या. एकीला मराठी यायची नाही, दुसरीला इंग्रजी. म्हणून भांडण कधी झालं नाही. पण दर वर्षी माझ्यावरून जाणारे पाय कमी होत गेले. म्हातारे एकेक करून फडताळात गेले. त्यांची पोरं व्हँकुव्हरला, टोरांटोला; ख्रिसमसला कार्ड पाठवणारी. आधी भन्ते गेले, मग माळी, मग घंटेचा दोर कुजला. मी खोड्या काढायला टपून बसायचो आणि दिवस दिवस कुणी येतच नसे. ठेच देणाऱ्याला पाय लागतो हो. नाहीतर तो नुसताच लाकडाचा तुकडा.

मग हारुए फावड्याने दारातला बर्फ काढताना पडली. मांडीचं हाड. तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. उरलेल्यांनी विहार विकला. घेणारा शहरातला, त्याला बुद्धाचं काही नाही, जुनं लाकूड हवंय. त्याची रेस्टॉरंटसाठी टेबलं करतात. सभासदांना कळवलं: आपापली माणसं घेऊन जा.

दोन हजार बाराच्या मार्चमध्ये कांताबाई आली. लेक बरोबर, नातही. असोसिएशनने जागेसाठी धडपड केली म्हणे. पण त्यांचा स्वतःचा हॉलसुद्धा रविवारपुरता भाड्याचा, चार वाजता रिकामा करावा लागतो, नंतर तिथे झुंबा असतो. तिथे अस्थी कोण ठेवू देणार?

प्रेमानंद गाडी दाराशी लावायला गेला. कांताबाई निळा डबा घेऊन दारापर्यंत आली आणि माझ्यावर बसली. एक पाय आत, एक बाहेर.

प्रेमानंद परत आला. "आई, उंबरठ्यावर बसू नये गं."

आयुष्यभर सगळ्यांच्या अंधश्रद्धा सोडवणारा माणूस. त्याच्याच तोंडून निघालं.

"हे कोणत्या कागदात लिवलं हाय?" ती म्हणाली. पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. "आत राहू देत नाही. बाहेर जागा नाही. मंग आम्ही दोघं इथंच बसतो."

तो तिच्याशेजारी टेकला. पँटला मीठ लागलं तरी त्याने झटकलं नाही. "लॉकरमध्ये नाही ठेवणार, आई. माझ्या खोलीत ठेवीन."

"आज तू हायेस. तुह्यानंतर?" तिने कल्याणीकडे पाहिलं. "ही तिकडं दूर वॉटर्लूले शिकाले चालली. ही कुठं कुठं घेऊन फिरन आबाले?"

कल्याणी म्हणाली, "आजी, आय डोन्ट नो." ती खरं बोलली. तिघांपैकी तेवढं एकच खरं उत्तर.

कांताबाई चौकटीला धरून उठली. वाकली, खोलग्यावरून एकदा हात फिरवला, आणि मला ओलांडून गेली. पाय दिला नाही. पाय देऊन आत यायचं असतं. बाहेर काढलेला माणूस कशावर पाय देणार?

बर्फ वितळला की पहारी घेऊन येतील. मी दुसऱ्यांदा सुटणार. पहिल्यांदा खोपटातून सुटलो तेव्हा पुढे विहार होता.

तुम्ही कधी शहरात जेवायला बसलात आणि टेबलाच्या मध्यात हाताला खोलगा लागला, तर तो मी. तिथे ग्लास ठेवू नका, कलंडेल. तेवढी एक खोडी शिल्लक ठेवावी म्हणतो.

पण आधी सगळ्याला रंधा मारतात म्हणे.