जाड्यांची वाटणी

आमच्या घरात एकशे साठ सक्युलंट आहेत, म्हणजे जाड, रसरशीत पानांची, थोड्या पाण्यावर जगणारी छोटी झाडं. मी त्यांना जाड्या म्हणते. आमच्या ह्यांना ते आवडत नाही, पण गेली दोन वर्षं त्यांना पाणी मी घालतेय, तेव्हा काय म्हणायचं ते मीच ठरवणार. गॅलरीत, खिडक्यांत, न्हाणीघराच्या फळीवर, अगदी फ्रिजच्या डोक्यावरसुद्धा जाड्या ऐसपैस बसलेल्या असतात. बसायला जागा नाही ती फक्त मला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून हे खोलीत आणि मी सगळीकडे. अंघोळ, गोळ्या, हाताचे व्यायाम, मग जाड्या. ह्यांना आता मोजकेच शब्द येतात, पण त्यातले निम्मे झाडांसाठी राखून ठेवलेले. "थेंबभर." "बुंध्याशी." "पानावर नको." घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते ज्या माणसाला आजवर ठाऊक नाही, त्याला पलंगावर पडून कळतं की फ्रिजवरच्या तिसऱ्या कुंडीला मी जास्त पाणी घातलं.

थकले होते मी. कंबर दुखायची, पण कंबरेचं एवढं काही नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आज कोणाकोणाचं करायचंय. त्यात आमचे हेही आले. ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती. फोन करणारे सगळे ह्यांची तब्येत विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

दरवर्षी पानगळीच्या सुट्टीत सगळे नातेवाईक एकत्र जेवतात; ते जेवण यंदा आमच्याकडे होतं. माझी नणंद, तिचे यजमान, मुलं, सुना, नातवंडं धरून बारा पाहुणे. वन्सं फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही काही करू नका हं. जेवण आम्ही आणतो. टेबल तेवढं छान सजवा." तेव्हा मला युक्ती सुचली. प्रत्येकाच्या ताटापुढे एक छोटा लाल भोपळा ठेवायचा, भोपळ्यावर पाच-सहा जाड्या बसवायच्या, आणि जाताना ज्याने त्याने आपापला भोपळा उचलून न्यायचा. म्हणजे साठ-सत्तर जाड्या एका दमात घराबाहेर. सजावट होईल आणि माझी सुटकाही.

रविवारी दुपारी, हे झोपलेत असं बघून मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि शेंडे छाटायला घेतले. तिसऱ्याच कापाला आतून आवाज आला.

"कात्री."

"टेबलाची सजावट करतेय," मी म्हटलं. "वन्संनी सांगितलीय."

"किती?"

"थोड्याच."

मी आणखी दोन शेंडे छाटले. मला वाटलं, डोळा लागला असेल. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "शेंडा कापलास की... बुंध्याला... चार पिल्लं."

मी कात्री घेऊन तिथेच फरशीवर बसले. हे त्यांनी मला आधीही पन्नासदा सांगितलं असेल, मीच कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. साठ शेंडे कापायचे आणि उरलेल्या बुंध्यांना फुटणारी दोनशे चाळीस पिल्लं पोसायची. चांगलीच सुटका करून घेत होते मी. खरं तर हसू यायला हवं होतं. आलं रडू. आवाज न करता रडायचा आता सराव झालाय.

आणि मला जाड्यांतून सुटायचंय, हे ह्यांना कळलं होतं. नुसती सजावट करणाऱ्या बाईला कोणी पिल्लांची भीती घालत नाही.

कापलेले शेंडे चार दिवस कागदावर सुकवले, कारण काप ओला असताना चिकटवला तर शेंडा सडतो. शुक्रवारी सकाळी ह्यांची चाकाची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी आणली. ते डाव्या हाताने भोपळा धरायचे, मी देठाभोवती डिंक लावून वाळलेलं शेवाळ दाबायचे आणि त्यात जाड्या रोवायचे. मधोमध गुलाबासारखी मोठी, भोवती लहान, आणि कडेवरून मण्यांच्या माळेसारखी एक खाली सोडलेली. भोपळा हलला की ते चिडायचे, माझ्यावर नाही, स्वतःच्या हातावर. सातवा झाल्यावर म्हणाले, "दमलीस."

"छे, काहीतरीच," मी म्हटलं आणि आठव्याला डिंक लावला. दोन वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा नेमकं तेच म्हटलं होतं आणि मी ते झुरळासारखं झटकून टाकलं.

सुट्टीचं जेवण चांगलं झालं म्हणे. मी निम्मं उभ्यानेच जेवले. भोपळ्यांचं फार कौतुक झालं, सुनांनी फोटो काढले. निघायची वेळ झाली तशी मी भोपळे वाटायचं जाहीर केलं. हे एकेक भोपळा डाव्या हाताने पुढे करून प्रत्येकाला बजावत होते, "शेवाळावर. थोडं. पंधरा दिवसांनी." नातवंडं शहाण्यासारखी मान हलवत होती. शेवटी वन्संनी हात पुढे केला, तर ह्यांनी भोपळा सोडलाच नाही.

"दादा, दे ना."

"मला पण ने," हे म्हणाले. "पंधरा दिवस."

सगळे हसले. "ये की," वन्सं म्हणाल्या. "तुला पाणी किती दिवसांनी घालायचं?"

"रोज. त्रास आहे... पण मरत नाही."

पुन्हा हशा झाला. वन्सं मात्र हसता हसता थांबल्या, कारण हे हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मग एकेक करून सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

आता मी बोलायचं होतं. काय बोलायचं तेही जिभेवर तयार होतं. ह्यांना दुसऱ्याच्या घरी करमत नाही. गोळ्यांच्या वेळा तुम्हाला जमायच्या नाहीत. मी आहे ना. यातलं एकही खोटं नव्हतं.

"वहिनी, कधी नेऊ?" वन्संनी हळू आवाजात विचारलं. त्यांनी दादाला नाही, मला विचारलं.

"आज," मी म्हटलं. "आजच न्या."

ह्यांनी मान हलवली आणि भोपळा सोडला. मागणं त्यांचंच होतं, तरी मी इतक्या पटकन हो म्हणेन असं त्यांना वाटलं नव्हतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता, पण मी उठले आणि त्यांचे कपडे भरायला आत गेले.