भाकरीचं खोटं, जीपचं खरं

गावातल्या सटवाजीची जीप न विचारता नेली दोघांनी. पण चुलतभाऊ भारत तिसऱ्या दिवशी समज घेऊन घरी, आणि सोळा वर्षांची राजकन्या महिनाभर नांदेडला मुलींच्या निरीक्षणगृहात. का, तर 'मुलीची जात, बाहेर कशी सोडायची?' हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी विशाखा, परिविक्षा अधिकारी. अशा मुलांच्या घरची चौकशी करून बाल न्याय मंडळाला अहवाल देते. राजकन्येची दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि तिची सुटका माझ्या अहवालावर अडली होती.

म्हणून भोकरजवळच्या तिच्या गावी गेले. शेजारच्या कावेरीबाईंना विचारलं, "मुलगी स्वभावाला कशी आहे?"

"गाय हाय बाई, गाय! भाकरी तर चांदावानी करती. मान वर करून बोलत न्हाई."

पुढच्या दोन घरीही तेच. मी खुशीत भराभर लिहून घेतलं. मग पोहे आले आणि माझ्यासोबत घरोघरी फिरणाऱ्या कावेरीबाईंनी हळूच विचारलं, "पोरगा काय करतो तुमचा?"

मी कपाळाला हात लावला. गावाने मला वरमाई ठरवलं होतं! आणि आलेलं स्थळ मोडायचं पाप आमच्याकडे कुणी करत नाही. फिर्यादी सटवाजीसुद्धा म्हणाला, "पोरगी लई गुणाची. जीप तर अशी चालवती, एक ओरखडा न्हाई!" मी कोण ते सांगितल्यावर ओशाळला, पण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तेच लिहा."

मी गैरसमजासकट सगळं लिहिलं. मंडळासमोर मॅजिस्ट्रेट मॅडम वाचताना हसल्या. "काय गं, खरं आहे हे?"

"भाकरीचं खोटं हाय, मॅडम. मला जमत न्हाई," राजकन्या म्हणाली. "जीपचं खरं हाय. मीच चालवली. भारतला येतच न्हाई."

पोरीने स्वतःच कबूल केलं की!

मॅडमनी फाईल मिटली. "स्वतःचं कौतुक स्वतःच खोडणारी मुलगी मी पहिल्यांदा बघते. हिलाही समज द्या आणि आजच घरी पाठवा."

भारतला तिसऱ्या दिवशी मिळालेली समज हिला पस्तिसाव्या दिवशी मिळाली. माझा राग काही गेला नाही, पण आनंदाने डोळे भरून आले. परीक्षेला अजून दोन दिवस होते.

फाटकाबाहेर सटवाजी जीप घेऊन आला होता. राजकन्या सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे निघाली.

"राजकन्या!" आम्ही दोघंही ओरडलो.

ती खळखळून हसली, मागे जाऊन बसली आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं.