ई अधिक दोन

“पाच! परवा पाच, काल पाच, आज पाच. मेल्या, तुझ्या पेटीला दुसरा आकडा म्हायती हाय का नाय?”

बर्फाच्या कारखान्याचे मालक आप्पा पेटीवरच्या लाल आकड्यावर बोट आपटत होते. मिठाच्या पाण्याच्या हौदात बुडवलेला काचेचा थर्मामीटर शून्याखाली अकरा दाखवत होता. दहा झाले की पेटीने कॉम्प्रेसर थांबवायचा. पण पेटी पाचावर अडून बसली होती आणि मोटर चुलीसारखी तापली होती.

“सांजपर्यंत वाट बघतो, महिपत. नायतर उचलून ने.”

महिपतने स्वतः बनवून विकलेली ही पहिलीच पेटी. मिरकरवाडा बंदरातल्या आणखी दोन कारखान्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं. त्याच्या मागे टायपिस्ट सगुणा उभी होती, कागदांची पिशवी छातीशी धरून. पेटी परत गेली तर महिपतच्या वर्कशॉपला कुलूप, आणि तिला पुन्हा कोर्टाबाहेरच्या झाडाखाली प्रतिज्ञापत्रं बडवायची. तीन वर्षांपूर्वी तिथूनच त्याने तिला आणलं होतं. “मला अक्षर न् अक्षर बरोबर मारणारं माणूस हवंय, ताई,” म्हणाला होता. झाडाखाली तिला कुणी ताई म्हणत नसे. ती हाक तिने शेवंतीच्या वेणीसारखी जपली होती.

तिने बर्फाचा डबा उपडा घातला, त्यावर छापील कागद पसरला. उजवीकडे पेटीतल्या चिपसाठी महिपतने लिहिलेल्या सूचना, तिनेच टाइप केलेल्या. डावीकडे असेंब्लर नावाच्या प्रोग्रॅमने चिपला कळावेत म्हणून त्यांचे करून दिलेले आकडे. अर्थ तिला फारसा कळत नसे. पण तांदूळ निवडणाऱ्या बाईला खडा दिसतोच.

“दादा, एका खणातलं दुसऱ्या खणात न्यायचं तर डावीकडे आकड्याचं एकच घर लागतं ना? सगळीकडे तसंच हाय.”

“हो. मग?”

“हितं दोन घरं हायत. आणि दुसऱ्यात पाच.”

महिपत वाकला. ओळ होती: ‘ए’मध्ये भर, ‘ई’ अधिक दोन. ‘ए’ आणि ‘ई’ हे चिपमधले खण. हौदाच्या थंडीचा आकडा ‘ई’त येऊन पडे, ‘ए’मधला पेटीवर उमटे. सेन्सर दोन अंश कमी दाखवायचा म्हणून त्याने दोन मिळवले होते. त्याने कपाळावर हात मारला.

“मुंबईत मी दुसऱ्या चिपवर शिकलो. तिथला असेंब्लर अशा बेरजेत खणाचं नाव दिसलं की ओरडायचा, चूक म्हणून. ह्या चिपचा ओरडत नाय. ह्याच्या लेखी खणाचं नाव म्हणजे नुसता नंबर. बी शून्य, सी एक, डी दोन, ई तीन...”

“तीन नि दोन पाच,” सगुणा हळूच म्हणाली.

“खणात काय हाय ते बघितलंच नाय गो त्याने! दारावरचा नंबर मोजला.”

दोघं वर्कशॉपकडे धावली. आधी ‘ई’ उचलून ‘ए’मध्ये आणायचा, मग दोन मिळवायचे. एका ओळीच्या दोन ओळी. सगुणाने त्या टाइप केल्या. जांभळ्या दिव्याखाली चिपमधलं जुनं लिखाण पुसायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने डावीकडचे आकडे तीनदा वाचले.

पाच वाजता कारखान्यात परतल्यावर महिपतने नव्या ओळी भरलेली चिप तिच्या हातात दिली. “ताई, तुम्हीच बसवा.”

पेटीवर अकरा उमटले. कॉम्प्रेसर लांब उसासा टाकून थांबला आणि तीन दिवसांनी कारखान्यात कावळ्यांचा आवाज आला.

“जमलं रे मेल्या!” आप्पा म्हणाले.

“चूक माझी होती आप्पा. शोधली ह्या ताईंनी.”

बर्फासाठी टोपली घेऊन थांबलेली कोळीण धोंडूबाई पुढे आली. तिने बर्फाच्या तुकड्यांच्या राशीत दोन्ही हात घातले.

“पदर धर गो बाय.”

“अहो, मी... माझा नवरा...”

“म्हायती हाय. बारा वर्षां झाली त्याला जाऊन. मोटर जळली असती तर माझ्या मासळीला बर्फ कुठला? वाचली ती कुणामुळं? धर म्हनते ना!”

सगुणाने पदर धरला. बारा वर्षांत तिची ओटी कुणी भरली नव्हती. धोंडूबाईने ओंजळ ओतली, वर तिच्या हनुवटीला ओला हात लावला.

बंदरावरून चढ चढताना सगुणाने पदर दोन्ही मुठींत आवळून धरला होता. बर्फाचं पाणी पावलांवर ठिबकत होतं. मागून कुणीतरी हाक मारली, तर तिने नुसती मान हलवली. हात सोडले नाहीत.