बाईंचं पान

मित्रांनो, माझ्या की-बोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत, यावरून माझं वय ओळखा. मी नाशिकच्या द्वारका चौकातल्या सायबर कॅफेचा एक जुना संगणक. १९९९ साली योगेशने सुटे भाग आणून मला स्वतःच्या हातांनी जोडलं. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा त्याने मला हार घातला होता.

काही वर्षांनी गावोगावचे लोक ब्लॉग लिहू लागले. योगेशने एक पान तयार केलं. नाशिककरांनी इंटरनेटवर कुठंही काही लिहिलं, तरी ते या एकाच पानावर गोळा व्हायचं. ते गोळा करायचं काम माझं. लोक कौतुक करत आणि मी फुगून जाई.

दर मंगळवारी वत्सलाबाई यायच्या. शाळेत त्यांनी योगेशला शिकवलं होतं. मुलीने, निकिताने, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पण पुण्याहून ती जे लिहायची, ते त्या माझ्यासमोर बसून गुपचूप वाचायच्या. वाचून झालं की चष्मा पुसायच्या.

पुढे वाचक वाढावेत म्हणून योगेशने नियम बदलला. ज्याला जास्त वाचक, ते सर्वांत वर. मग पहिलं पान विनोदांनी आणि क्रिकेटने भरून गेलं. बाई यायच्या, तेवढं पान बघायच्या आणि उठायच्या. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "योगेश, निकितानं लिहायचं सोडलं का रे?"

योगेशने शोधलं. निकिताचं लिखाण अकराव्या पानावर सापडलं. आधी लिहिलं होतं, "येत्या रविवारी नाशिकला येतेय. आई वाचत असेल आणि ये म्हणाली, तर घरी जाईन." त्यानंतरचं होतं, "कुणी काही म्हणालं नाही. द्वारकेवरूनच परतीची बस धरली."

म्हणजे बाईंची लेक या दारासमोरूनच परत गेली होती!

"हे खाली कुणी ढकललं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही, बाई. जास्त लोक वाचतात तेच वर येतं."

"माझ्या मुलीचं पत्र मला दिसावं की नाही, हे लोकांनी ठरवायचं? मला विचारायचंस तरी!"

"चुकलंच, बाई," योगेश म्हणाला. मित्रांनो, मीही ओशाळलो. मला सांगितलं होतं तसंच मी वागलो होतो, पण त्याने मनाचं समाधान होईना.

योगेश आठवडाभर माझ्यासमोर खपला. कुणाचं आधी दिसावं, कुणाचं मुळीच नको, नवं वर हवं की गाजलेलं, हे ज्याचं त्याने ठरवायची सोय त्याने केली. काहींनी विनोद बंद केले, वाचकांचा आकडा घसरला. तरी योगेशने ती सोय काढली नाही.

बाईंनी सगळ्यांत वर निकिताला ठेवलं. मग एकेक अक्षर शोधत तिच्या लिखाणाखाली लिहिलं, "तो रविवार माझ्या हातून गेला. येत्या रविवारी घरी ये. आई." तेवढ्याला त्यांना अर्धा तास लागला.

पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर दोन खुर्च्या लागल्या. निकिताने आईची निवड उघडली आणि हसली. "आई, सगळ्यांना बंद करून मला एकटीलाच ठेवलंस?"

"एकटीला कुठं? क्रिकेटही ठेवलंय."

दोघी हसता हसता डोळे पुसत होत्या.

आता माझा पंखा घरघरतो आणि मी माळ्यावर असतो. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रं घडवाल. ती वेगवान करा, देखणी करा. पण समोर बसलेल्या माणसाला काय हवं आहे, हे त्यालाच विचारा. ते आम्हां यंत्रांना आपोआप कळत नाही.